एसीखालची सायकल

इथं पाऊस पडत नाही, एसी पडतो.
तिसऱ्या मजल्यावरून, रात्रभर, थेंब थेंब,
आणि मी चार उन्हाळे सायकल बांधली
नेमकी त्याच्याखाली,
सावली असते म्हणून.

वरच्या नळीवर रुपयाएवढा फोड.
नखानं उचलला तर पोपडा निघाला,
भाकरीचा पापुद्रा सुटतो तसा,
आणि खाली तपकिरी पीठ.
जिभेला लावून पाहिलं, का ते विचारू नका.
खारट.
समुद्र दोन गल्ल्या पलीकडे आहे, पण
हिद्दमध्ये त्याला कुणी दार लावू शकत नाही.

दिवसभर मी हेच तर करतो, पगारावर:
ड्राय डॉकमध्ये, जहाजाच्या पोटाखाली,
तोंडाला मास्क, हातात ग्राइंडर,
समोर पाच मजले गंज.
तिथं रंगाची जाडी मोजायला मीटर,
सही करायला इन्स्पेक्टर,
हवा किती दमट तेही वहीत लिहून.
आणि स्वतःच्या सायकलला तेल द्यायला
मला शुक्रवार सापडत नव्हता.

आज सापडला.
गच्चीवर पुठ्ठा अंथरून तिला उलटी केली.
ऐंशीचा पेपर, मग दोनशेवीसचा,
मग पाण्यात बुडवून चारशेचा.
सीटचा दांडा आत धरून बसलेला.
तेल पाजलं, चहा पिऊन आलो,
रुहुलनं फ्रेम धरली, मी पिळला,
रुसलेल्या व्याह्यासारखी त्यानं आधी नुसती मान हलवली,
मग उठला.
पेडलजवळची नळी उपडी केली तर
वाळू, काळं पाणी, एक झुरळ.

मग पान्यानं ठोकत गेलो, कान लावून,
वैद्य पाठ ठोकतो तसा.
टण्, टण्, टण्,
एका जागी बद्द.
तिथं आतून खाल्लंय.
किती, ते नळी सांगत नाही.

गंजण्यापेक्षा झिजलेलं बरं,
असं आमच्या शाळेच्या भिंतीवर होतं, निळ्या ऑइलपेंटनं.
घासता घासता वाटलं, लिहिणाऱ्यानं
पॉलिशपेपर कधी हातात धरला नसावा.
गंज काढायचा तर झिजवावंच लागतं,
आणि चांगलं लोखंडही थोडं जातं सोबत.

निळ्याखाली हिरवा निघाला,
हिरव्याखाली कारखान्याचा मरून.
आठ दिनारला घेतली तेव्हा
मी तिसरा की पाचवा, विचारलं नव्हतं.
खालच्या नळीवर बारीक रेघा होत्या,
गंजाच्याच समजून जोर लावला,
तर रुहुलनं मनगट धरलं.
"रुको काका. कुछ लिखा है."

खिळ्यानं कोरलेलं, त्याच्या लिपीत.
पुढचं मी घासून टाकलं होतं.
उरलेलं त्यानं वाचलं: "...उद्दीन. मोनोहरदी."
नाव अर्धं, गाव पूर्ण.
त्याच्या घरापासून बसनं दोन तास.
कमरुद्दीन, शहाबुद्दीन, मोईनुद्दीन,
तो बोटं मोजत पुटपुटत राहिला,
जणू यातला एखादा ओ देईल.

तेवढ्या चार बोटं जागेवर टेप लावली.
बाकी सगळीकडे रेड ऑक्साइडचे दोन हात,
डॉकवरचा, डब्याच्या तळाचा, फेकायचाच होता.
नळ्यांच्या आत इंजिनचं जुनं तेल,
आणि फ्रेम उताणी, पालथी, कुशीवर,
तान्ह्याला न्हाणीत फिरवावं तशी.

टेप काढली तेव्हा संध्याकाळ झालेली.
उघडं लोखंड, ऑगस्टची हवा.
एक रात्र पुरते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?
मेणबत्ती घासली त्या अक्षरांवर.
इन्स्पेक्टर हसला असता.
दर शुक्रवारी घासावी लागेल.

खाली नेली. खांब तोच, दुसरा रिकामा नव्हता.
तेलाचा डबा कापून वरच्या नळीला तारेनं बांधला,
बरोबर थेंबाखाली.

आता रात्री टप् आवाज पत्र्याचा येतो.
पहाटेपर्यंत डबा भरतो.
तो ओतायला रोज
बसच्या पाच मिनिटं आधी उतरतो.