एक्केचाळीस नंबर

पहाटे चार वाजून बारा मिनिटांनी
एक्केचाळीस नंबर म्हणाला, बॅटरी कमी.
काल चार-दहाला म्हणाला होता, परवा चार-वीसला.
रोज मरे त्याला कोण रडे.
वेन्सेस्लाओनं पडद्यावर बोट टेकवून
त्याला आठ तास गप्प केलं
आणि कोकाच्या काढ्यावर फुंकर घातली.

कालामाच्या वर, जिथं दगडालाही कोरड पडते,
तिथून तांब्याचा गाळ खाली समुद्राकडे नेणारी पाइपलाइन.
आमच्या तीन नंबरच्या पंपाच्या हद्दीत
तिच्या पाठीवर बावन्न डबे, मुठीएवढे.
दाब मोजतात, सांगतात, झोपतात.
झोप हेच त्यांचं खरं काम.
मिनिटाला एकदा उठले तर दोन वर्षं जगतात,
दहा मिनिटांनी एकदा, तर नऊ.
दहा मिनिटं मीच ठरवली.
मधल्या वेळात पाइपात काय होतं
ते कुणाच्याच वहीत नाही.

पूर्वी एका पाळीत सहाशे अलार्म यायचे.
लाल, पिवळे, पुन्हा लाल,
वारा सुटला तरी, ढग सरकला तरी.
मग सांतियागोहून किलोद्रान बाई आल्या,
चार दिवस आमच्यात बसून भाकरी खाल्ली, म्हणाल्या,
ज्याच्यासाठी कुणी खुर्चीतून उठत नाही
तो अलार्म नव्हे, कुचाळकी.
त्यांनी डब्यांना शिकवलं:
काटा जरा हलला की ओरडायचं नाही,
दहा सेकंद थांबायचं,
तरीही हललेलाच असेल, तर ओरडायचं.
सहाशेचे नव्वद झाले.
पहिल्या रात्री त्या शांततेनं
वेन्सेस्लाओला झोप येईना.

सकाळी मी पिकअप काढली.
उंटावरून शेळ्या हाकून सहा महिने झाले होते.
पाइपवर पातळ बर्फ, हातमोज्याला चिकटणारं.
एक्केचाळीसचं झाकण उघडलं.
साडेतीनच्या वर हवे होते व्होल्ट, भरले दोन पूर्णांक नऊ.
थंडीत पडायचे, दुपारी ऊन चढलं की सावरायचे,
मग हा काही कबूलच करायचा नाही.

लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याची वही वाचली.
स्वतःसाठी दिवसाला एकशे चव्वेचाळीस वेळा तोंड उघडलं.
दुसऱ्यांसाठी अठराशे बहात्तर वेळा.
मान वर केली तेव्हा टेकडी दिसली.
नकाशावर ती नव्हती, म्हणजे होती,
एक बारीक तपकिरी रेघ.
तिच्यापलीकडच्या तेरा डब्यांना
आमचा टॉवर दिसतच नाही.
तेरा जणांचं सगळं बोलणं याच्या गळ्यातून.
आणि सहा वर्षांत याचं स्वतःचं म्हणणं एकच:
दाब ठीक आहे.
दाब ठीक आहे.

आम्ही सहा भावंडं. एक इकीकेला, एक बोटीवर,
दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.
रुफिनाला सांग, एलोयला विचार,
सगळं चिऊ-चिऊच्या त्या एका फोनवरून जातं.
तिकडून ऐकू येतं, मी बरी आहे गं.
आठवड्यात किती वेळा, मोजलं नाही.

नवी बॅटरी घातली. जुनी खिशात ठेवली,
अजून कोमट होती, किंवा माझाच हात.
टेकडीच्या माथ्यावर दगड रचून
त्यावर आणखी एक डबा बांधला, त्रेपन्नावा.
त्याला मोजायला काही नाही,
तिथं पाइपच नाही.
तो नुसता ऐकेल आणि पुढं सांगेल.
स्टोअरवाला भडकेल. भडकू दे.
उतरताना फोनला दोन रेघा आल्या.
आईनं उचलला, म्हणाली, कुणाला काय सांगू?
म्हटलं, कुणाला काही नाही.
ती जरा वेळ गप्प राहिली.
मग म्हणाली, गुडघा दुखतो.

त्या रात्री वेन्सेस्लाओनं
न विचारता एक्केचाळीसची गप्प उठवली.
चार-दहा. चार-बारा.
दोघंही पडद्याकडे बघत, काढा निवत चाललेला.
चार-वीसला त्यानं डोळा उघडला,
दाब ठीक आहे म्हणाला,
बत्तिसाचा निरोप पुढं सारला,
झोपला.