बारावी थाप

मोठं फावडं बाबांचं. कोळशाच्या खाणीतलं,
दांडा दोनदा बदललेला.
माझं हलकं, अ‍ॅल्युमिनियमचं, कुणी पाहुणा मागे ठेवून गेला ते.
दोघं मिळून छातीएवढं खणतो
उत्तरेच्या उतारावर, ऐन धारेखाली नाही, जरा कडेला,
जिथं चुकलो तरी फार खाली जायचो नाही.

भिंत तासली की हिवाळा उभा चिरलेला दिसतो.
वरचा दीड हात परवाचा, वाऱ्यानं आणून थापलेला.
त्याखाली बोटभर काचेचा पापुद्रा:
एल्दियारच्या लग्नात पाऊस पडला होता, भर जानेवारीत,
सगळे म्हणाले, शुभ असतं.
मग मऊ, मग पुन्हा मऊ,
आणि तळाशी ऑक्टोबरचा पहिला बर्फ,
आभाळ स्वच्छ राहिलं तेवढ्या रात्री
आतल्या आत सुटा होत गेलेला.
जाड साखर नुसती. मूठ वळत नाही त्याची.
बाबा तो हातमोज्यावर घेतात,
भिंगातून बघतात,
फुंकून टाकतात.

आता खांब कापायचा, फावड्याच्या पात्याएवढा.
वर पातं आडवं ठेवायचं आणि थापा मोजायच्या.
मनगटातून दहा.
काही नाही.
कोपरातून अकरा,
बारा

आणि खांब पुढे आला,
तेल घातलेला खण ओढावा तसा.

मागे चौघे पोलिश पाहुणे बूट आपटत उभे.
वर उतार असा पडलेला की अजून कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही.
त्यातला एक विचारतो, किती टक्के धोका?
मी भाषांतर करते.
बाबा म्हणतात, खाणीत छत यायच्या आधी
टेकूची लाकडं बोलायची. उंदीर निघायचे.
इथं उंदीर नाहीत.
हे मी भाषांतर करत नाही.
सकाळी सपाटीवर पायाखाली धप्प झालं होतं एकदा,
घोडा बिचकला होता,
तेवढंच सांगते.

फरच्या झाडांतून उतरलो, बुजऱ्यासारखे, पंचवीस अंशांच्या आत.
पाहुण्यांनी चहा घेतला. फार बोलले नाहीत.

तो उतार दुसऱ्या दिवशी तसाच.
तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गावची पोरं
त्यावरून पाच रेघा ओढून गेली,
देखण्या, एकीला एक न शिवणाऱ्या.
खिडकीतून बाबांना दाखवल्या.
त्यांनी मोजल्या. पाच, म्हणाले,
आणि पाव चहात बुडवला.

वहीत मी लिहिलं होतं:
बारा. कोपर. तळाचा थर. गुळगुळीत.
पुढच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
बाबांनी पेन्सिल घेतली
आणि पाळी संपल्यावर लिहायचे तशी
सगळ्यांची नावं लिहिली खाली.
तिथं वर आलेल्यांची असायची,
इथं खाली आलेल्यांची.
तोलोगोन. सैकाल. चौघे पाहुणे, जमेल तशा स्पेलिंगनं.
घोड्याचंही.