अर्जाची नक्कल

सभेचा मी नक्कलनवीस. महिना तीन रुपये,
कागद सभेचा, शाई माझी.
बाळीवेशीत वकीलसाहेबांच्या माडीवर
दर शनिवारी दिवेलागणीला सतरंजी पसरतो,
पानाला चुना लावतो, आणि ऐकतो.

पहिला ठराव राणीसरकारच्या दीर्घायुष्याचा. एकमताने.
दुसरा, साखर पेठेतल्या विणकरांना
दुष्काळी कामावर, एकरुखच्या रस्त्याला,
खडी फोडायला बसवलंय, त्याचा.

‘बसवलंय’ नको, म्हणाले निंबर्गीकर वकील,
‘योजण्यात आले आहे’ लिही.
लिहिलं.

हाताला घट्टे पडतात, किनारीचं रेशीम घट्ट्याला अडकतं, तुटतं,
हे सांगायला दुडम राजय्या स्वतः आला होता.
आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच.
तिथूनच त्यानं तळहात दिव्याकडे धरला.
वीरभद्रप्पा शेठ तपकिरीची डबी शोधू लागले.
कागदावर त्या हाताचं झालं:
‘हस्तकौशल्यास बाध येण्याचा संभव.’

संभव.

मग ‘आपले अत्यंत आज्ञाधारक’ यावर वाद.
शाळामास्तर कोनापुरे म्हणाले, नुसतं आज्ञाधारक पुरे.
‘अत्यंत’ राहिलं.
मास्तर ताडताड जिना उतरले,
आणि छत्री न्यायला परत वर आले.

बारा सह्या. तेराव्याचा मुलगा कचेरीत चिकटणार होता,
त्याला त्या रात्री नेमका ताप आला.

एकोणतीस दिवसांनी अर्ज परत:
स्टँप एका आण्याने कमी.
मजकुराबद्दल अक्षर नाही.
पुन्हा नक्कल, पुन्हा रवाना.
उत्तर दीड ओळीचं: पोचला, विचार होईल.
त्याच आठवड्यात तलावाकाठी कलेक्टरसाहेबांनी
वकीलसाहेबांना पाहून टोपी किंचित उचलली.
तो शनिवार फार आनंदात गेला.

राजय्याचा माग विकला गेला. धोटा तेवढा ठेवलाय,
पोरगं त्याची होडी करून खेळतं.

तिसरी नक्कल मी एकट्यानं केली, रात्री, रॉकेल जाळून.
‘अत्यंत’ लिहायचं राहिलं.
राहिलं म्हणजे, लेखणी तिथं आली आणि पुढे गेली.
संभवाच्या जागी लिहिलं: घट्टे पडले आहेत.
खाली नाव. पेठ. मुलं किती.

वकीलसाहेबांनी चष्मा लावला. वाचलं.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
मी सतरंजीचा दोरा उसवत बसलो होतो.
‘वाळू टाक,’ ते म्हणाले, ‘शाई ओली आहे,’
आणि सही केली, जराशी वाकडी.

या खेपेला स्टँप एक आणा जास्तच लावला.
माझ्या पगारातला.