सात नंबरची बस

पहिला गोल आम्हाला दिसला नाही, ऐकू आला.
समुद्रावरून चढलेलं धुकं पलीकडच्या गोलपोस्टवर बसून होतं
आणि त्यातून डनमूरच्या दोन बसभर माणसांचा आवाज आला,
मोरीत भांड्यांची चळत कोसळावी तसा.
"लाइनमन झोपला होता," टॉर्क्विल म्हणाला.
लाइनमनही त्याला दिसत नव्हता.

दुसरा, मी पायच्या रांगेत असताना.
मटणाचा रस्सा बोटांवरून मनगटात, मनगटावरून बाहीत,
आणि मागून कुणीतरी म्हणालं, दोन.

तिसरा मात्र आमच्या बाजूला, डोळ्यांदेखत,
कॅलनच्या पायांमधून, सावकाश,
घरचं मांजर दारातून आत यावं तसा.

तेव्हा मी ओरडलो.
काय, ते इथे लिहीत नाही.
पोरं खिदळली. दोन पायऱ्या खालची हिरवी टोपी वळली:
मासळीच्या कारखान्यातली मॉर्व्हन, कॅलनची आई.
माझ्याकडे पाहिलं,
थर्मासच्या झाकणात चहा ओतला
आणि तो तसाच धरून बसली, शिटी होईपर्यंत.

आता हा नवा मॅनेजर. एस्किल.
डेन्मार्कचा की नॉर्वेचा, यावर गावात एकमत नाही.
इथल्या वाऱ्याला न पुरणारं जाकीट,
खिशात छोटी वही, तीही बंदच.
नव्याचे नऊ दिवस म्हणतात. आज सहावाच,
आणि मैदानापासून बसस्टॉपपर्यंतच्या चढावर
आम्ही उरलेले तीनही वापरून टाकले.
मधली फळी म्हणजे उघडं फाटक.
दहा नंबरला बसवा. दहा नंबरला बसवलंत म्हणूनच हरलो.
हा माणूस बोलत का नाही? हा माणूस बोलतो तरी काय?
जुना बरा होता, असंही कुणी म्हणालं.
जुन्याला आम्हीच घालवला, ऑक्टोबरात,
चादरीवर लाल रंगाने चार शब्द लिहून.
चादर माझी होती.
इश्बेल अजून विचारते, डबलबेडवरची निळी कुठे गेली.

स्टॉपवर तो उभा होता.
एकटाच, पाटीवरचं वेळापत्रक बोटाने वाचत.
क्लबने त्याला मोटार दिली नव्हती,
किंवा दिली होती आणि ती सुरू होत नव्हती;
आमच्या क्लबात दोन्ही शक्य आहे.
आम्ही नऊ-दहा जण एकदम बुटांच्या नाड्या बघू लागलो.
शेवटी टॉर्क्विलच म्हणाला,
"मंगळवारी साडेनऊनंतर सात नंबर येत नाही."
"मग?"
"मग चालायचं."

चाललो. बंदराच्या भिंतीकडेनं,
डाव्या हाताला पाणी, दिसत नसलेलं, दगडांवर आपटणारं.
बर्फाच्या कारखान्यापाशी तो थांबला, वही काढली, आणि विचारलं,
शाळेतल्यासारख्या जपून जुळवलेल्या इंग्रजीत:
"तुम्ही वरून बघता. काय दिसलं?"

तासाभरापूर्वी आमच्याकडे
अकराच्या अकरा जागांसाठी मतं होती, राखीव पोरांसाठीसुद्धा.
आता टॉर्क्विल खोकला.
मी बाहीवरचा वाळलेला रस्सा नखाने खरवडला.
एवढ्या धुक्यात काय दिसणार, असं म्हणायला पाहिजे होतं;
तेवढंही कुणाच्याने झालं नाही.

मागून मॉर्व्हन आली. ती आमच्याबरोबर आहे
हे कुणाच्या लक्षातच नव्हतं.
"त्याला मागून ओरडून सांगत जाऊ नका," ती म्हणाली,
कुणाला, ते कळेना; बघत होती ती वहीकडे.
"बचावातल्या पोरांना सांगा, हात करा, पुढून दिसेल असा.
डाव्या कानाने त्याला कमी येतं. लहानपणापासून.
तुमच्या आधीच्याला तीनदा सांगितलं."

एस्किलने लिहून घेतलं.
पेन्सिल थंडीत नीट उठत नव्हती, म्हणून पुन्हा गिरवलं.
मग त्यांची वाट वेगळी झाली, गेस्टहाउसकडे, आणि तिची वर, चाळीस पायऱ्यांची.

शनिवारी परत सामना आहे, आणि तोही घरीच.
तिकीट काढलेलं आहे, त्याचा प्रश्न नाही.
पलंगावर पडून मी एवढंच ठरवत राहिलो
की तिसऱ्या गोलाच्या वेळी
मी गोलच्या मागे नेमका
कुठल्या बाजूला उभा होतो.