पडदा क्रमांक एकोणीस

बोर्डेला म्हाबळूकाकांच्या पडवीत
मी फाइलीच्या प्लास्टिकमध्ये घालून नेला तो,
उजेडाला धरला तर
पलीकडचं चिकूचं झाड दिसेल असा.

"कितें गो हें?"
रेशीम, म्हटलं. लुगड्याचं नव्हे.
कोष सोड्याच्या पाण्यात अर्धा तास उकळायचे,
डिंक सुटतो. उरलेला तंतू
क्षारात विरघळवायचा, दोन दिवस पाणी बदलत बसायचं,
मग ओतायचं, वाळवायचं.
थोडं ग्लिसरीन. नाहीतर काचेसारखं तडकतं.
सतरावा तसाच गेला.

ते ऐकत होते की नाही, कळेना.
मांडीवर घुमट घेऊन
काठावरची जुनी दोरी नखाने उसवत होते.

घोरपडीचं कातडं त्यांनी कधीच सोडलं.
कायद्याने, असं ते सांगतात.
काकी सांगते, एकीच्या पोटात अंडी निघाली होती.
तेव्हापासून बकऱ्याचं,
आणि ते चवथीच्या दमट हवेत
तिसऱ्या आरतीलाच भिजल्या पोह्यासारखं होतं.

"ह्या पडद्याक मेलें कोण?"
किडे, म्हटलं.
"किती?"
प्रयोगशाळेने मला खरा आकडा सांगायची खोड लावली आहे.
एकशे दहा.
ते बोटांची पेरं मोजू लागले, मध्येच थांबले.
"घोरपड एकच लागताली."

मी घाईने म्हटलं, यीस्टकडूनही करून घेता येईल,
किडा न मारता. पैसे मंजूर झाले तर.
"यीस्ट म्हणजे पावाचें?"
पावाचंच.
तेव्हा पहिल्यांदा हसले.
"म्हणजे पोदेराचें घुमट!"

ओलसर करून ताणला, दोरीचे सात वेढे दिले, वाळू दिला.
डावा तळवा मडक्याच्या लहान तोंडावर,
उजवी बोटं पडद्यावर.
एक. अंगणातल्या कुत्र्याने कान उचलले.
दोन. काकी चुलीपाशीच थांबली, हातात फुंकणी.
तीन,
आणि स्वर चढवायला, साठ वर्षांच्या सवयीने,
त्यांनी घुमट विस्तवावर धरलं.
मी ओरडेपर्यंत अकरा महिने
आक्रसून तपकिरी झाले होते.

पडवीभर जळक्या केसांचा वास.
त्यांनी वाकून हुंगलं. मी काही बोलत नव्हते.
"वास कातड्याचोच," म्हणाले,
जणू परीक्षा तीच होती.

वहीत लिहिलंय: एकोणीस. तीन थापा.
अपयशाच्या कारणाचा रकाना अजून कोरा आहे.
विसावा थोडा जाड कर, त्यांचा निरोप आलाय,
आणि चवथीला एक्केचाळीस दिवस उरलेत.