मोजणी

सकाळी कॅम्पातल्या रेंजवर फायरिंग सुरू होतं
आणि इकडं बेळगुंदीच्या शिवारात
रताळ्याच्या वेलात खुरपं थांबवून मी मोजत बसतो.
बायको म्हणते, मोजा की,
पण हात चालू ठेवून मोजा.

पोरं नवीन आहेत. ट्रिगरवरचं बोट सोडतच नाहीत.
त्या घरातले एकेक गोळी सोडायचे,
जपून,
महिनाअखेरची साखर काढावी तशी.

बावन्न तास.
पत्र्याचं छप्पर, दोन मजले,
अंगणात अक्रोड, अक्रोडाला बांधलेली गाय.
तिला सोडायचं कुणी, यातच पहिला तास गेला.
कुणी सोडलं नाही.
दावं गोळीनंच तुटलं, आणि ती आपली
दोन्हीकडच्या नेमांमधून चालत
ओढ्यावर पाणी प्यायला गेली.

दुसऱ्या रात्री दोनला
बोटं लोखंडाला चिकटत होती, तेव्हा
आतून हाक आली. आवाज नुकता फुटलेला.
‘ओ फौजी, गाव कुठलं?’
साहेबांनी हात वर केला : बोलायचं नाही.
शेजारून मष्णू कुट्रे बोलला,
‘बेळगाव.’
‘ते कुणाकडं येतं?’

मष्णू थोडा थांबला.
कॉलेजात असताना त्यानं बोर्डांना डांबर फासलं होतं,
एक रात्र चौकीत काढली होती,
आणि पुढं त्याच चौकीतून चारित्र्याचा दाखला घेऊन
भरतीला आला होता.
‘खटला चालू आहे बाबा,’ म्हणाला.

आत कुणीतरी हसलं.
मग आणखी एक, जाड आवाजाचा, हसता हसता खोकला लागलेला.
मग आम्ही.
साहेब हसले की नाही, अंधारात दिसलं नाही.
त्यानंतर सतरा मिनिटं कुणी गोळी झाडली नाही.
माझ्या घड्याळाचे काटे अंधारात हिरवे दिसायचे.

अठराव्या मिनिटाला सुरुवात कुणी केली
ते अहवालात आहे.

पत्रे आधी वाजले, मग वाकले.
दहाला तिघांना बाहेर काढलं.
एकाच्या खिशात कंगवा, दात मोडलेला.
मी तिघांची तोंडं बघत राहिलो :
खोकला कुणाला होता?
मष्णूला विचारलं असतं.
त्याला उजाडायच्या आधीच खाली नेलं होतं,
ब्लँकेट डोक्यावरून ओढून.
माझं अक्षर बरं, म्हणून
रकाने मलाच भरायला दिले.
भरले.

आज शेतात मोजणी आहे.
सर्व्हेअर चिकोडीकडचा, पोरगेलासा,
साखळी गेली, आता तीन पायांचं मशीन.
उतारा कानडीत. त्यात माझं नाव आहे म्हणतात,
वळणावरून ओळखतो मी, गाडीचा नंबर ओळखावा तसं.
बांधापलीकडं नागोजी, माझा धाकटा,
हाताची घडी घालून.
अडीच गुंठ्यांपायी दोन वर्षं बोलणं नाही.
आईच्या बाराव्यालाही
आम्ही भटजींमार्फत बोललो.

सर्व्हेअरनं मधल्या पट्टीत पाय ठेवला.
तिथं माझा वेल बांध ओलांडून गेलेला,
रताळी धरलेली त्याच्या बाजूला.
अडखळत्या मराठीत त्यानं विचारलं,
‘हे कुणाकडं येतंय?’

मला हसू फुटलं. आवरेना,
खुरपं हातातून पडलं.
पोरगं बिचकलं, मशीनची बटणं तपासायला लागलं,
त्याला वाटलं आपलंच काही चुकलं.
नागोजीनं घडी सोडली, माझ्याकडं बघितलं.
रेंजवरचा आवाज थांबला होता.
जेवणाची सुट्टी असेल.

मी घड्याळ बघितलं.