रबर

डिचोलीच्या वाचनालयात माझ्याकडे दोन कामं:
संध्याकाळी पंखे बंद करणं,
आणि परत आलेल्या पुस्तकांतली पेन्सिल पुसणं.

लोक काहीबाही लिहितात.
वाण्याचा हिशेब, फोन नंबर, एकदा तर
खतखत्याची अख्खी यादी, सुरणासकट.
पण पात्रांशी कोण बोलतं ते मी ओळखून आहे.
ज्यांना काही हवं असतं
त्यांच्याच पानांवर बोटांचे डाग पडतात.
ज्यांना काहीच नको, ती कितीही शहाणी असोत,
कोरीच्या कोरी परत येतात.

खाते क्रमांक ३१८, घनश्याम माजीक.
खाणीवर काट्याला होते. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक,
मधली वजाबाकी.
खाण बंद पडली तरी दर मे महिन्यात
तीच कादंबरी नेत, पुठ्ठा सुटलेली,
जिच्यात शांतेरी नावाची लोहाराची मुलगी
पणजीच्या धक्क्यावर येते.
तिला मुंबई नको असते, लग्नही नको.
तिला बोटीच्या पोटात उतरून
इंजिन बघायचं असतं, चालू असताना.
एवढंच.
एवढ्यासाठी लेखकाने दोनशे पानं
तिला झोपू दिलेलं नाही,
भात्यापाशी बसवून ठेवलंय, कान लावून.
आणि पान दोनशे बारावर, तळाशी:
शांतेरी बोटीत चढली नाही.

पहिल्या वर्षी समासात बारीक अक्षर: का?
मी पुसलं.
दुसऱ्या वर्षी: जा गो बाय.
तिसऱ्या वर्षी: भोंगो वाजलो, आतां तरी.
मग काही वर्षं शब्दच नव्हते,
फक्त त्या ‘नाही’भोवती एक गोल,
इतका दाबून काढलेला
की मागच्या पानावर उठायचा.
मी पुसत राहिले. नियम आहे.

गेल्या मे महिन्यात धीर करून विचारलं,
माजीकबाब, शेवट ठाऊक असून?
त्यांनी सदऱ्याला चष्मा पुसला.
म्हणाले, छापलां तें खबर आसा.
आणि मग, माझ्याकडे न बघता,
एक फावट तरी वतली ती.
मला हसू आलं होतं.
मयेच्या वळणापर्यंत बसमध्ये पुरलं ते,
पुढे नाही.

यंदा पुस्तक त्यांच्या सुनेने आणून दिलं,
प्लास्टिकच्या पिशवीतून, सतरा दिवसांचा दंड भरून.
तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

सवयीने रबर घेतलं, पान काढलं.
समास कोरा. गोल नाही.
आणि ‘नाही’ही जवळजवळ नाही.
इतक्या वर्षांच्या माझ्याच हाताने
कागद झिजलाय तिथे, उजेड पलीकडून येतो.
ना गेलेला. ह गेलेला.
वेलांटी तेवढी उरलीय, पापणीच्या केसासारखी,
आणि तिच्या आधी ठसठशीत शाईत:
शांतेरी बोटीत चढली

पूर्णविराम कुठे गेला, आठवत नाही.

रबर हातात धरून बसले आहे.
वेलांटी तशी फार मोठी नसते.
पंखे अजून चालू आहेत,
आणि एकच पान आहे
जे उलटायला बघतंय.